पेशवाईतला स्टार स्क्रू

कोणाच्या घरी गेले की हल्ली मी माणसांआधी टेबलाची खालची बाजू बघते. वरची बाजू कोणीही पुसून ठेवतं. खालून मात्र लाकूड उघडं असतं, कारण पॉलिशवाल्याचा हात तिथवर पोचायला राजी नसतो. परवा एका ओळखीच्यांकडे भेटायला गेले होते, म्हणजे तेराव्यानंतरचं भेटणं. काकू पदर डोळ्यांना लावून सांगत होत्या की काकांचा या खुर्चीत फार जीव होता, शेवटपर्यंत इथेच बसायचे. मी खुर्चीच्या हातावरून हळुवार हात फिरवला आणि फिरवता फिरवता नखाने किंचित खरवडलं. अस्सल साग! आणि त्यावर चॉकलेटी ऑइलपेंट! माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. काकूंना ते काकांसाठी वाटलं, आणि मीही तसंच वाटू दिलं.

बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडून मी जुनं फर्निचर आणायचं, खरवडायचं, नीट करायचं आणि विकायचं असा धंदा सुरू केला, तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "जुनं लाकूड घरात आहे तेवढं पुरे नाही का?" त्याचा रोख स्वतःकडे होता की आमच्या दिवाणाकडे, हे मी विचारलं नाही.

माल मिळवायची पहिली जागा म्हणजे पुण्यातला जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरतो. गंजलेले पाने, डायल नसलेले टेलिफोन, पितळी कड्या, आणि मधूनच एखादं तीन पायांचं टेबल. चौथा पाय बहुधा पुढच्या गाळ्यावर वेगळा विकायला असतो. इथे माल विकणाऱ्यांना इतिहासाचा भारी नाद. लाकडाचा भाव वयावर ठरतो, आणि वय गिऱ्हाइकाच्या चपलांवर. माझ्या चपला बघून एकाने मला थेट पेशवाईत नेलं. "मावशी, सरदाराच्या वाड्यातलं कपाट आहे. पेशव्यांच्या टायमाचं." मी दार उघडून बिजागरी पाहिली तर तिला स्टार स्क्रू. पेशवाई बुडाली 1818 मध्ये. फुलीचं डोकं असलेला हा स्क्रू अमेरिकेत निघाला 1930 च्या दशकात. मी त्याला हे सांगितलं. तो तसूभरही हलला नाही. म्हणाला, "मग सरदारांनी नंतर बदलला असंल."

मी ते कपाट घेतलं. असा माणूस बँकेत असता तर कुठल्या कुठे गेला असता.

मुंबईकडे पेशवाई चालत नाही, तिथे बर्मा चालतो. जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याची फर्निचरची दुकानं पालथी घाला. खुर्ची, देव्हारा, पाळणा, हात लावाल ते बर्मा टीक. एवढा साग खरंच बर्मात उगवत असता तर तिथल्या माणसांना उभं राहायला जागा उरली नसती. या सागामागे इतिहास मात्र खरा आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी 1863 ची, तिचा बर्मातला धंदा सागाचा. तिने राजाचा महसूल बुडवून ओंडके नेले म्हणून थिबा राजाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. 1885 मध्ये त्यांनी राज्य घेतलं आणि राजाला आणून ठेवलं रत्नागिरीत. 1910 साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही आपण सहलीला जाऊन बघतो. 1916 मध्ये राजा तिथेच वारला. ओशिवऱ्यातल्या एका दुकानदाराला मी हे सगळं ऐकवलं. त्याने मन लावून ऐकलं आणि टेबलाची किंमत पाचशेने वाढवली. आता तो पुढच्या गिऱ्हाइकाला तेच टेबल थिबा राजाचं म्हणून दाखवत असणार. ते आंब्याच्या लाकडाचं होतं.

माल घरी आला की खरा छळ सुरू होतो, आणि त्याचं नाव ऑइलपेंट. मराठी घरात मुलीचं लग्न निघालं की भिंतींना चुना आणि उरल्यासुरल्या फर्निचरला ऑइलपेंट. मी एक घडवंची खरवडायला घेतली. (ज्यांच्या घरी पहिल्यापासून फ्रिज होता त्यांच्यासाठी: घडवंची म्हणजे पाण्याचे हंडे-कळशा ठेवायचा लाकडी स्टँड.) वर चॉकलेटी. त्याखाली पिस्ता. त्याखाली आकाशी. त्याखाली गुलाबी, म्हणजे या घरात निदान चार लग्नं तरी झाली. गुलाबीच्या खाली जे लाकूड निघालं ते बघून मी चारही जावयांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. एक सांगून ठेवते, जुना रंग कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं कायद्याने जवळजवळ नाहीसं झालं ते 2017 च्या शेवटाला. त्याआधीच्या रंगात ते किती असेल याचा नेम नाही, आणि घासताना उडालेली धूळ सरळ फुफ्फुसात जाते. पाणी मारून, मास्क लावून, पोरंबाळं लांब ठेवून काम करायचं. मी रबरी हातमोजे, गॉगल आणि मास्क घालून बाल्कनीत बसले की समोरच्या इमारतीतल्या आजी खिडकी लावून घेतात. करोना पुन्हा आला असं त्यांनी सोसायटीत सांगितलंही होतं.

रंगाच्या खालोखाल शत्रू म्हणजे चांगला गोंद. पूर्वीचे सुतार सरस वापरायचे, जनावरांच्या कातड्या-हाडांचा, गरम करून लावायचा. त्याला ऊब आणि ओल दाखवली की सांधा सुटतो, खुर्ची मोकळी होते, साफ करून पुन्हा जोडता येते. मग 1959 मध्ये फेविकॉल आला. देशाचं भलं झालं, माझं वाटोळं झालं. फेविकॉल पाजलेली खुर्ची उघडायची म्हणजे डब्यावरच्या त्या दोन हत्तींना जे अजून जमलेलं नाही ते मला रविवारी दुपारी करून दाखवायचं असतं. एकदा सांधा सुटला, पण सांध्यापाशी नाही; पाय मधोमध मोडला.

पॉलिशची तऱ्हा याहून न्यारी. जुनं खरं पॉलिश चपड्याचं. चपडा म्हणजे लाख, आणि लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर असल्या झाडांवर बसलेल्या किड्यांनी स्वतःभोवती केलेलं आवरण. ते स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाचा बोळा मलमलीत बांधून, लाकडावर गोल गोल घासत राहायचं. हात गळून पडेस्तोवर. म्हणजे आधी खुर्चीखाली पीठ पडतं म्हणून लाकूड पोखरणाऱ्या किड्यांना औषध घालून मारायचं, आणि मग दुसऱ्या किड्यांची मेहनत त्याच लाकडाला प्रेमाने चोळायची. पावसाळ्यात हेही करता येत नाही, हवेतल्या दमटपणाने पॉलिश पांढुरकं पडतं. आणि जे स्पिरिटमध्ये विरघळतं ते दारूतही विरघळतं, हे ज्ञान मला नवऱ्याच्या मित्रामुळे झालं. त्याने शिसवी टिपॉयवर व्हिस्कीचा ओला ग्लास ठेवला आणि रात्रभर विसरला. सकाळी गोल ठसा उमटलेला. त्या ठशासकट टिपॉय मी विकला, कारण तोवर मला गिऱ्हाईक कळू लागलं होतं.

गिऱ्हाइकाचं असं असतं, की त्याला वस्तू जुनी नको असते, जुनी दिसायला हवी असते. ढेकूण नकोत, वास नको, खण अडकायला नको, पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की यावर बसून पणजोबांनी टिळकांना पत्र लिहिलं. बाणेरच्या एका जोडप्याला मी आरशासारखं लखलखतं टेबल दाखवलं. मुलगी हळहळून म्हणाली, "काकू, फारच नवीन वाटतंय. थोडं रस्टिक करून मिळेल?" रस्टिक करायचं म्हणजे कडा पुन्हा घासायच्या, कोपऱ्यांचा रंग उडवायचा आणि सायकलच्या साखळीने मारून खड्डे पाडायचे. मी आमच्या मिस्त्रींना बोलावलं. राजस्थानकडचे, उभा जन्म लाकडाचे घाव भरण्यात गेलेला. त्यांनी माझ्या हातातली साखळी पाहिली, टेबल पाहिलं, आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला मारायचं तर मारा. मी बाहेर थांबतो." मी मारलं. जोडपं खूश झालं, दोन हजार जास्त देऊन गेलं. मिस्त्री नंतर आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

शोभेच्या वस्तूंचं तर विचारूच नका. अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब कोपऱ्यात उभा राहून दिवा होतो. घंगाळात मनीप्लांट. शिवणयंत्राच्या बिडाच्या स्टँडवर काच टाकली की कॅफेचं टेबल, आणि तिथे बसलेली माणसं कॉफी पिताना नकळत पाय चालवत राहतात. बैलगाडीचं चाक भिंतीवर. माझी सासू हे सगळं बघून म्हणाली, "आयुष्यभर ज्याची राख उपसली तो बंब आता हॉलमध्ये?" तिला त्या बंबाची किंमत कळल्यावर मात्र ती माळ्यावर चढू लागली.

बंब विकायला काढला तेव्हा पहिला प्रश्न आला, "याची स्टोरी काय आहे?" मी सरळ सांगितलं, चिंचवडच्या एका खानावळीतला आहे. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. पुढचं आलं तेव्हा मी अंघोळीला गेले होते. बाहेर येते तो नवरा पैसे मोजतोय. "काय सांगितलंस?" तर म्हणाला, "काही नाही, एवढंच म्हटलं की इनामदारांच्या घरातला आहे, नाव सांगता येणार नाही." तेव्हापासून विक्रीखातं त्याच्याकडे आहे आणि त्याला दिवाणावरून कोणी टोमणा मारत नाही.

हिशोब विचाराल तर खुर्ची सहाशेची, टेम्पो चारशे, स्पिरिट-चपडा-पॉलिश पेपर मिळून पाचशे, वेताची बैठक विणायचे नऊशे, आणि विकली तीन हजारांना. वर राहिले सहाशे. माझी मजुरी यात कुठेच नाही. ती धरली तर मीच गिऱ्हाइकाला पैसे देणं लागते. बँकेतल्या माझ्या जुन्या साहेबांनी असं कर्जप्रकरण टेबलावर येऊ दिलं नसतं.

सध्या ती घडवंची तयार आहे. चार पाय, चारही तिचेच, साग बल्लारशाकडचा, कुठल्याही सरदाराचा नाही. साखळी मारलेली नाही, मिस्त्रींना शब्द दिलाय. किंमत 3,200 रुपये. तळमजल्यापर्यंत पोचवून देऊ; वर न्यायची तर धडधाकट दोन माणसं तुमची. 'लास्ट प्राइस किती' असं विचारू नये, आणि घरी नेल्यावर तिला चॉकलेटी रंग देणार असाल तर कृपया येऊच नये.