जामीनदारांसाठी क्रेडिट रिपोर्टचे प्राथमिक वाचन

क्रेडिट रिपोर्ट म्हणजे कोणी, कोणाकडून, किती कर्ज घेतले आणि ते कसे फेडले याची नोंद. भारतात ही नोंद चार कंपन्या ठेवतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर 300 ते 900 यांच्या दरम्यान असतो. 750 च्या वर असला की बँकेत बसायला खुर्ची मिळते.

वाचन पहिल्या पानापासून करावे. तिथे नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते आणि फोन नंबर असतात. पाटील, जोशी आणि कुलकर्णी मंडळींनी हे पान दोनदा वाचावे. नामसाधर्म्यामुळे भलत्याच पाटलांचा ट्रॅक्टर आपल्या नावावर उभा असू शकतो.

पुढे कर्जखाती येतात. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असून हप्ता किती दिवस थकला तो आकडा त्यांत लिहिलेला असतो. 000 म्हणजे काहीही थकलेले नाही. शून्य मिळाल्याबद्दल पेढे वाटावेत अशी ही एकमेव गुणपत्रिका. 030, 060 असे आकडे चढू लागले की समजावे, कोणीतरी 'या महिन्यात जरा ओढाताण आहे' असे म्हणत आहे.

हे कोणीतरी म्हणजे बहुधा साडू.

या विषयावरील मार्गदर्शिकांत साडूचे प्रकरण वगळलेले आढळते, ही गंभीर उणीव आहे. साडू गाडीसाठी कर्ज काढतो, बँक जामीनदार मागते आणि साडू रविवारी सकाळी आंब्याची पेटी घेऊन येतो. 'नुसती सही हवी' हे त्याचे वाक्य कायद्याच्या दृष्टीने तपासून पाहावे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 128 सांगते की, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे गाडी साडूची, पेट्रोल साडूचे, कर्ज मात्र दोघांच्या रिपोर्टमध्ये. साडूने हप्ता चुकवला तर डाग दोन्हीकडे पडतो. आणि घरात हा विषय काढला की 'माझ्या बहिणीच्या संसारात पैसे आणू नका' हे ऐकावे लागते. या वाक्यावर कोणत्याही कायद्यात कलम नाही.

साडू वाईट माणूस नसतो, हेही नोंदवणे भाग आहे. रात्री दोनला दवाखान्यात न्यायला तोच धावतो. त्याच गाडीने.

'सेटल्ड' हा शेरा विजयाचा समजू नये. बँकेने काही रक्कम सोडून खाते मिटवले, एवढाच त्याचा अर्थ; पुढची बँक तो वाचून भुवई उंचावते. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे 'क्लोज्ड' हवे.

शेवटी चौकश्या. दर ठिकाणी केलेला कर्जाचा अर्ज इथे नोंदला जातो. एका महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकणारा गरजू दिसतो. आपलाच रिपोर्ट आपण पाहिल्याने स्कोअर उतरत नाही. तो उतरतो असे छातीठोक सांगणारे गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एक असतात.

'आम्ही आयुष्यात कधी कर्ज काढले नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये स्कोअरच नसतो. बचत, ठेवी, सोने, सचोटी यांपैकी कशालाही तिथे रकाना नाही. मात्र केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे.

चूक आढळल्यास कंपनीकडे किंवा बँकेकडे तक्रार करावी. 30 दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रारीची तारीख आणि क्रमांक म्हणून जपून ठेवावेत.

चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. साडूचा रिपोर्ट मात्र त्याच्या संमतीशिवाय आपल्याला मिळत नाही. तो सहीपूर्वी त्याच्याकडूनच मागून घ्यावा, आणि शक्यतो आंबे कापण्याआधी.