घुमटाखालचे पगारदार

इजिप्तच्या राजांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. राहता वाडा कच्च्या विटांचा चालेल, थडगं मात्र दगडाचं हवं. वाडे मातीत गेले, थडगी राहिली, आणि गेली दोनशे वर्षं विद्वान मंडळी त्याच थडग्यांभोवती घोटाळत आहेत. तुतनखामून विशीही गाठायच्या आत गेला. पुढच्या राजांनी त्याचं नाव राजांच्या यादीतूनही गाळलं. पण १९२२ साली हॉवर्ड कार्टरला त्याचं थडगं जवळपास भरल्या घरासारखं सापडलं आणि पोरगं जगप्रसिद्ध झालं. राज्य कसं केलं, हे विचारतो कोण?

ही विद्या सुरतेत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी बरोबर उचलली. कतारगाम दरवाज्याच्या बाजूला इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. तिथलं जॉर्ज ऑक्झिंडनचं थडगं बघावं: खांब, गच्ची, वर घुमट. परक्याला वाटावं, एखादा सुभेदारच निजलाय. भाऊ ख्रिस्तोफरही त्याच वास्तूत. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा मुघलांचा सुभेदार किल्ल्यात दडून बसला आणि या जॉर्जनं वखार राखली. कंपनीनं खूश होऊन सुवर्णपदक दिलं. १६६९ ला तो वारला. (सुरतेच्या स्वारीनंतर दहा वर्षांनी रायगडी राज्याभिषेकाला नजराणा घेऊन आलेला हेन्री ऑक्झिंडन याच घराण्यातला. नोकरी म्हणजे नोकरी.)

मग डच कसे मागे राहतील? १६९१ मध्ये त्यांच्या कंपनीचा अधिकारी व्हान रेडे सुरतेला येता येता समुद्रात वारला. त्याला सुरतेत पुरून इंग्रजांच्या तोडीस तोड, किंबहुना काकणभर सरसच, घुमट उठवला. वास्तविक गड्याला त्याची गरज नव्हती. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ‘होर्तुस मलबारिकुस’ त्याच्या नावावर होता. मलबारचंच म्हणाल, तर दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकात मिऱ्याचे दाणे निघाले. ते दक्षिण भारतातूनच गेले असणार, असं अभ्यासक मानतात. फॅरो आपल्या मिऱ्यांवर टिकला, साहेब आपल्या गवंड्यांवर.

आणि या वखारवाल्यांना वेळोवेळी कर्ज देणारा वीरजी व्होरा? इंग्रजांच्या कागदांत त्याची गणना जगातल्या सगळ्यात श्रीमंत व्यापाऱ्यांत होते. त्याचा घुमट शोधू नका. जैन माणूस, देहाची राख झाली, विषय संपला. आज त्याच्याविषयी जे कळतं, ते बरंचसं त्याच्या गिऱ्हाइकांच्या आणि ऋणकोंच्या पत्रांतून. सावकाराचं चरित्र कर्जदारानं लिहायचं, ही तऱ्हा!

इजिप्तच्या अभ्यासकांना मात्र अलीकडे घुमटाबाहेरचं सुचू लागलंय. खुफूचा पिरॅमिड मुळात १४६ मीटरचा; त्याची नावानिशी असलेली धड मूर्ती एकच, साडेसात सेंटिमीटरची, हस्तिदंती. म्हणजे स्वारीबद्दल माहिती बेताचीच. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरसचे तुकडे मिळाले. मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी: आज तुऱ्याच्या खाणीतून दगड भरले, आज गिझाला पोचवले. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या हिशेबानं पिरॅमिडचं काम जितकं उलगडलं, तितकं राजाच्या थडग्यानंही नाही.

आता सुरतेत दिवाळीला चोपडापूजन दणक्यात होतं, हळदकुंकू, फटाके, सगळं. पूजा नव्या चोपड्याची. जुने कुठं जातात, रद्दीवाल्याला विचारा. शाळेच्या सहली दीडशे किलोमीटरवर वडोदऱ्याला, सयाजीराव महाराजांच्या संग्रहालयातली इजिप्तची ममी बघायला जाऊ शकतात. काचेला नाक लावून पोरं खूश होतील. आणि आपण मराठी मंडळी? महाराजांच्या स्वारीत वीरजीचा वाडा खणला, पेटारे भरून माल निघाला, इथवर आपल्याला तोंडपाठ. ते पेटारे त्यानं भरले कसे, हे मात्र आपण इंग्रजांच्याच पत्रांत वाचायचं.