भोज्ज्याला शिवून येऊ

आमचा पुतण्या न्यू जर्सीत असतो. या डिसेंबरात तो आम्हा दोघांना क्रूझने बहामाची बेटं दाखवणार आहे. त्यासाठी दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर जहाज निवडणं चालू आहे. हिला बघायला गेलो होतो तेव्हा एका बशी पोह्यांत निकाल लागला होता. इथे अकरा रविवार झाले, अजून केबिनही पसंत नाही.

पहिलं स्थळ 'आयकॉन ऑफ द सीज'. लांबी 365 मीटर, मजले 20, पोहण्याचे तलाव 7, प्रवासी जास्तीत जास्त 7,600. टायटॅनिक 269 मीटरांची होती, एवढंच मी म्हणालो, तर पुतण्याने मला म्यूट केलं. चहूकडे समुद्र असताना सात तलाव कशाला, असं हिने विचारलं. "काकू, समुद्राचं पाणी खारट असतं!"

मग केबिन. सगळ्यात स्वस्त ती बिनखिडकीची. काही जहाजांत तिच्या भिंतीवर मोठा पडदा लावतात आणि बाहेरचा समुद्र कॅमेऱ्यातून त्यावर दाखवतात. म्हणजे समुद्रात जाऊन समुद्र टीव्हीवर बघायचा. त्याहून महाग बाल्कनीची. पण जहाज एवढं रुंद, की काही बाल्कन्या आतल्या बाजूलाच उघडतात. खाली बाग, समोर दुसऱ्यांच्या बाल्कन्या. "मग डोंबिवलीत काय वाईट आहे?" इति ही. तिसऱ्या प्रकारात खिडकी समुद्राकडे असते, फक्त मध्ये जीवरक्षक होडी टांगलेली असते. मला ती केबिन मनापासून आवडली. वेळ आलीच तर शोधाशोध नको.

भाडं बघून जरा हुरूप आला, तोच पुतण्याने तक्ता खाली सरकवला. बंदराचे कर, वाय-फाय, पेयं आणि दरडोई दररोजची बक्षिशी, तीही आधीच मांडलेली. काम व्हायच्या आत बक्षिशी द्यायची पद्धत मला वाटलं फक्त आपल्या कचेऱ्यांत आहे. माझे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून बोटीने हर्णैला जात. डेकवर वळकटी पसरायला जागा मिळाली, की झाली केबिन पसंत. हर्णैला बोट समुद्रातच थांबायची आणि पडावातून किनारा गाठावा लागायचा. तेव्हा माणसांना बोट लागायची, आता बिल लागतं.

अकराव्या रविवारी मी भीत भीत विचारलं, "आणि बेट रे?" बेट होतं, तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच.

त्यामागचं कारणही कळलं. हे जहाज बांधलं फिनलंडमध्ये, कंपनी मियामीची, पण नोंदणी बहामाच्या नसाऊ बंदरातली. अमेरिकेत 1886 चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला मियामीहून निघून पुन्हा मियामीलाच यायचं, तर वाटेत एखाद्या परदेशी बंदराला शिवावं लागतं. थोडक्यात, बेट हा भोज्ज्या आहे. शिवायचं आणि पळत परत यायचं.

तेही कुठलं, तर कंपनीनेच सजवलेलं कोकोके. मूळ नाव लिटल स्टिरप के. तिथे 135 फुटांची घसरगुंडी आहे. जहाजावरच्या घसरगुंड्या संपल्या, की उतरून बेटावरच्या घसरगुंडीवर चढायचं. बहामात लहानमोठी सुमारे 700 बेटं आहेत, त्यांतल्या जेमतेम तीसेक बेटांवर माणसं राहतात. आमच्या तक्त्यात त्या तीसांपैकी एकही नाही.

तेव्हा वाचकहो, जहाज निवडताना तलाव मोजू नका. बेटावर किती तास आणि बेट कुणाचं, एवढं विचारा. 'नऊ तास' आणि 'आमचंच' अशी उत्तरं आली, तर सरळ भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडा. तासाभरात पोचवते, आणि पलीकडे उतरल्यावर जी माणसं भेटतात ती तिथेच राहतात.