मागेल त्याला मालगुजारी

पाण्यावर एकट्याची मालकी नसावी, हे मध्य प्रदेश सरकारला 1951 साली उमगलं. भंडारा-चांद्याचा मुलूख तेव्हा त्याच राज्यात होता. सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची मालगुजारी गेली आणि पूर्व विदर्भातले हजारो मातीचे तलाव सरकारच्या पदरात पडले.

मालगुजार काही संत नव्हते. पाळीवर माती टाकायला माणसं वेठीला धरायची रीत त्यांना चांगली ठाऊक होती. पण त्यांचं स्वतःचं धानही त्याच पाण्यावर, म्हणून पाळ फुटण्याआधी डागडुजी व्हायची. तलाव बांधणारे कोहळी समाजाचे लोक कसे कसबी होते, ते नवेगावबांधच्या तलावावर आजही दिसतं. पाणकर पाणी सोडायचा, ढीवर मासे धरायचे आणि भांडणं गावातच मिटायची.

नव्या मालकाने पाणीपट्टी मागितली. लोकांनी निस्तार हक्क, म्हणजे पाणी फुकट वापरायचे जुने हक्क, दाखवले. पट्टी नाही तर दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही तर पट्टी कशाची? हा शास्त्रार्थ चालू असताना तलावांत गाळ साचला आणि बेशरम माजली. (वनस्पती आहे, कुणी अंगाला लावून घेऊ नये.) लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे दुसऱ्या खात्याकडे, मासे तिसऱ्याकडे. गाळाला तेवढा वाली नव्हता.

मग 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारला उलटा साक्षात्कार झाला: ‘मागेल त्याला शेततळे’. मालक एकटा, अनुदान 50 हजार रुपयांपर्यंत. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. त्यात पावसाचं वाहतं पाणी साठावं, अशी कागदावरची अपेक्षा.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात आणि जालन्याकडे अनेकांनी पावसाला ही तसदी दिलीच नाही. चारी बाजूंनी मातीचा भराव घातला, आत प्लास्टिक अंथरलं आणि विहीर-बोअरचं पाणी उपसून तळं भरलं. जमिनीखाली सावलीत पडलेलं पाणी असं उन्हात आलं. 900 चौरस मीटर पृष्ठभागावरून एक मिलिमीटर उडालं की 900 लिटर गेले. वैशाखात दिवसाला सात-आठ मिलिमीटर सहज उडतं.

तरी शेतकऱ्याचा हिशेब पक्का आहे. भूगर्भातलं पाणी शेजाऱ्याच्या पंपालाही लागतं, प्लास्टिकवरचं फक्त आपल्या. बाग जगते, कर्ज फिटतं. जुन्या मालगुजाराला निदान खालच्या शेतांना पाणी सोडावं लागे. नव्याच्या तळ्याला कुंपण असतं. शेजाऱ्याची विहीर आटली, तर त्यानेही अर्ज करावा. योजनेच्या नावातच तशी सोय आहे.