टेबलाला पासिंग लावू नका, साहेब!

प्रति,
मा. सचिव साहेब,
रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय,
परिवहन भवन, नवी दिल्ली.

विषय : ट्रकच्या ऑनलाइन नोंदणीबद्दल अभिनंदन आणि आम्ही नोंदीबाहेर राहिलो त्याबद्दल आभार.

महोदय,

मी हिंगोलीच्या मोंढ्यालगत ट्रान्सपोर्टचा धंदा करतो. ट्रक माझ्याकडे एकही नाही. एक टेबल आहे, तीन खुर्च्या, दोन मोबाइल, गणपतीचा फोटो आणि ‘बॅलन्सची चौकशी पोच आल्यावरच करावी’ अशी पाटी. व्यापाऱ्याला गाडी लावून देणं आणि गाडीला भाडं लावून देणं, एवढंच माझं काम. लोक मला शेठ म्हणतात. गाडीमालक पाठीमागं काय म्हणतात ते या पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आपण नोंदणीचा कारभार आधुनिक करत आहात असं ऐकून पहिल्यांदा पोटात गोळा आला होता. मग कळलं की जे काही आधुनिक व्हायचं ते गाडीचंच होतंय. तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आभाराचं पत्र लिहावं.

गाडीच्या बाबतीत आपण कसूर म्हणून ठेवली नाही. एमएच ३८ अशी सुरुवात असलेला कुठलाही नंबर घ्या. त्याचा इंजिन नंबर, चेसिस नंबर, टॅक्स, विमा, पीयूसी, पासिंगची तारीख, परमिट, चढलेला बोजा, थकलेली चलनं असं सगळं आपल्या ‘वाहन’ नावाच्या खात्यात असतं. टोलनाक्यावर २०२१पासून फास्टॅग सक्तीचा. २०१९च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबर प्लेट लावायचं फर्मान निघालं आणि तिची मुदत इतक्यांदा वाढली, की आमच्याकडे लग्नाच्या तारखासुद्धा एवढ्या पुढं जात नाहीत. गाडी आठ वर्षांची झाली की दरसाल पासिंग. माणसाची एवढी तपासणी झाली असती तर मराठवाड्यात कोणी आजारी पडलं नसतं.

शिवाय हे सगळं घरबसल्या. २०२२ साली आपण ५८ सेवा आधारच्या जोरावर ‘फेसलेस’ केल्या. साहेबाचं तोंड बघायचं काम उरलं नाही. ओटीपीचं तोंड मात्र बघावं लागतं. गाडी घेताना मालकानं सगळे कागद एजंटकडं दिलेले असतात, मोबाइल नंबरही एजंटनं स्वतःचाच टाकलेला असतो. मग मालक सेनगावात बसतो, गाडी तमिळनाडूत इरोडला उभी राहते आणि ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या खिशात वाजतो. तो माणूस जेवायला गेलेला असतो. दहा मिनिटांनी ओटीपी मरतो. मालक पुन्हा पहिल्यापासून अर्ज भरतो. यात माझं काही जात नाही. उलट गाडी उभी राहिली की मालक नरमतो, आणि नरमलेला मालक कमी भाड्यात गाडी लावतो. आपल्या सर्व्हरचेही याबद्दल आभार मानायला हवेत.

जुनी माणसं सांगतात, पूर्वी नॅशनल परमिटसाठी ज्या ज्या राज्यात जायचं त्या राज्याच्या नावानं वेगळा डिमांड ड्राफ्ट काढावा लागे. बँकेत रांग, ड्राफ्टांची चळत, नाक्यावर तपासणी. २०१०मध्ये आपण ती भानगड संपवली. तेव्हा वर्षाला पंधरा हजार भरायचे आणि देशभर फिरायचं. चांगलं केलं, खरंच चांगलं केलं. ड्राफ्टही गेले, चळतही गेली. राहिलो ते आम्ही.

आता आम्ही नेमकं काय करतो, ते दिल्लीत बसून कळायचं नाही म्हणून सांगतो. मार्च लागला की हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळद येते. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हळदीचीही नोंदणी झाली! लिलाव संपला की व्यापाऱ्याचा फोन येतो, “शेठ, सांगलीला एक गाडी पाहिजे, आजच भरायची.” समजा, तो टनाला २,२०० देतो. मी मालकाला फोन लावतो, “अण्णा, मार्केट डाऊन आहे, १,९०० बसतात, बघा बुवा.” अण्णा कुरकुरतो आणि गाडी लावतो, कारण हप्ता पाच तारखेला असतो. १८ टन भरले तर मधले ५,४०० माझे. वर कमिशन वेगळं, ते मात्र मी उघडपणे कापतो. लबाडी करायची नाही, हा आमच्या घराण्याचा नियम आहे.

पुढं वाराई, हमाली, मुनशीचे चहापाणी. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ अशी घोषणा गाडीवाले देतात. घोषणा छान आहे, यमकही आहे, पण पैसे गाडीवाल्याच्याच भाड्यातून जातात. सांगलीत गाडी दोन दिवस खाली होत नाही, त्याचं हॉल्टिंग मागितलं तर मी म्हणतो व्यापाऱ्याला विचारा, व्यापारी म्हणतो शेठला विचारा. एखादा कट्टा कमी भरला किंवा ओला निघाला तर तो ड्रायव्हरच्या नावावर. भाड्याचा राहिलेला बॅलन्स माल मिळाल्याची पोच आल्यावर. पोच आल्यावर व्यापाऱ्याचं पेमेंट आल्यावर. पेमेंट आल्यावर मी गावाला गेलेलो असतो.

माझी बाजूही ऐकून घ्या. आम्ही नुसते फुकट खाणारे नाही. इरोडला खाली झालेली गाडी रिकामी परत आली तर मालक डिझेलातच बुडेल. तिथून रिटर्न भाडं मीच लावून देतो. रात्री दोन वाजता ड्रायव्हरचा फोन आला तर डिझेलचे पैसे मीच टाकतो. अनोळखी गाडीत व्यापारी पंधरा-वीस लाखांचा माल भरतो तो माझ्या तोंडाकडं बघून. एक गाडी, दोन गाड्या असलेल्या मालकांच्या या धंद्यात आमच्याशिवाय चाक फिरत नाही. मात्र हा मुद्दा मी फार ताणत नाही. ताणला की कोणीतरी शहाणा म्हणतो, एवढा महत्त्वाचा माणूस, मग याचीच नोंद कशी नाही?

त्या शहाण्याच्या हाती कायदा लागू नये, अशी माझी रोजची प्रार्थना असते. कारण कायदा आहे. १८६५चा जुना कॅरियर्स अ‍ॅक्ट आपण मोडीत काढला आणि २००७ साली नवा कॅरेज बाय रोड कायदा केला. तो १ मार्च २०११ रोजी लागू झाला. त्यात नोंदणीशिवाय मालवाहतुकीचा धंदा करायला मनाई आहे, आणि धंदेवाल्यांच्या व्याख्येत बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि ‘ब्रोकर’ असे शब्द चक्क नाव घेऊन लिहिले आहेत. मी वाचले तेव्हा मला आरशात बघितल्यासारखं झालं. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. कायदा लागू झाला त्या वर्षी कोणी काढलं असतं तर त्याच्या नूतनीकरणाची वेळही येऊन गेली असती. आमच्या ओळीत कोणाच्या भिंतीवर ते मी पाहिलेलं नाही. गणपती मात्र सगळ्यांच्या आहेत.

त्याच्याही आधी मोटार वाहन कायद्याचं ९३वं कलम होतंच. मालाचं बुकिंग, फॉरवर्डिंग करणाऱ्या एजंटला लायसन्स हवं, असं १९८८पासून त्यात लिहून ठेवलंय. म्हणजे आमच्यासाठी एक नाही, दोन दारं बांधली आहेत. कडी लावायचं तेवढं राहिलं.

दंडाचंही कौतुक करावं तेवढं थोडं. ट्रकवर एक टन जादा दिसला तर २०१९च्या सुधारणेनं २०,००० रुपये, शिवाय जादा टनाला दोन हजार. आणि अख्खं ट्रान्सपोर्ट ऑफिस नोंदणीशिवाय चालवलं तर २००७च्या कायद्यानं पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत! वरची हळदीची खेप आठवा. एका गाडीत दंड फिटतो आणि चारशे रुपये भज्यांना उरतात. जादा माल भरायला सांगणारा मी, भरणारे हमाल, पावती मात्र गाडीची.

नोंदणी झाली तर काय होईल, याची कल्पना आहे का आपल्याला? त्या कायद्यात माल हरवला, खराब झाला तर जबाबदारी वाहतूकदाराची, जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल तर भाड्याच्या दहापटीपर्यंत. म्हणजे कट्टा कमी भरला की उत्तर मला द्यावं लागेल. आज मी सोपा उपाय करतो. माझ्या नावानं बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडतच नाही. व्यापारी ई-वे बिल काढतो, त्यात गाडीचा नंबर टाकतो, गाडी निघते. रस्त्यात अडवली तर ड्रायव्हर सापडतो, मालक सापडतो, व्यापारी सापडतो. मी फक्त ड्रायव्हरच्या मोबाइलात असतो, ‘शेठ हिंगोली’ या नावानं.

मधे माझ्या भाच्यानं एक भयंकर बातमी आणली. अमेरिकेत म्हणे ट्रक कंपनीसारखीच दलालालाही केंद्र सरकारकडं नोंदणी करावी लागते, आणि २०१३पासून ७५,००० डॉलरची हमी ठेवावी लागते. दलालानं भाडं बुडवलं तर गाडीवाला त्या हमीवर हात टाकू शकतो. एवढंच असतं तर चाललं असतं. तिथला नियम असाही आहे की व्यापाऱ्यानं दलालाला किती दिले, याचा कागद गाडीवाला मागू शकतो. हे ऐकून माझा चहा पार गार झाला. मग भाच्यानं पुढचं सांगितलं. तिथल्या आमच्या भाऊबंदांनी करारातच ओळ घालून गाडीवाल्यांकडून तो हक्क सोडवून घ्यायची रीत पाडली आहे. शिवाय सगळ्यांची एकच ऑनलाइन नोंदणी करायचा नियम तिथल्या सरकारनं २०१३मध्ये काढला, तो पुढं ढकलत ढकलत २०१७च्या जानेवारीत बेमुदत थांबवला, आणि आता ‘मोटस’ नावाच्या नव्या नोंदणीची गाडी रुळावर आणायचं चाललंय. तेव्हा लांबण लावण्यात आपण जगाच्या मागं नाही.

आमचा जिल्हा तसा मागासलेला नाही, साहेब. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो ही गुरुत्वलहरींची वेधशाळा येतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्यानं पडणारा अणूहूनही बारीक फरक तिथं मोजणार. मोजू द्या. विज्ञानाला माझा विरोध नाही. फक्त कोणी त्या शास्त्रज्ञांना २,२०० आणि १,९०० यांच्यातला फरक मोजायला सांगू नये.

तेव्हा माझी विनंती अशी. गाडीचं काय ते आधुनिकीकरण जोरात चालू ठेवा. आणखी एक प्लेट काढा, आणखी एक ओटीपी घाला, मुदतीही वाढवा. पण ‘वाहन’च्या पडद्यावर दलालाच्या नंबरासाठी एक रकाना, व्यापाऱ्यानं दिलेल्या भाड्यासाठी दुसरा आणि बॅलन्स किती दिवसांत दिला यासाठी तिसरा, असले तीन रकाने कोणी सुचवले तर तो कागद खालीच दाबून ठेवा. ते करायला नवा कायदा लागत नाही, नवा पैसाही फारसा लागत नाही, हेच तर भीतीचं कारण आहे.

कळावे, लोभ असावा. पत्राला उत्तर पाठवू नये. पाठवायचंच झालं तर पत्ता विचारत मोंढ्यात यावं, गाडीवाले दाखवतील. त्यांचे सगळे पत्ते आपल्याकडं आहेतच.

आपला,
एक बिननोंदणीचा ट्रान्सपोर्टवाला,
हिंगोली.

ता. क. : हे पत्र गाडीमालकांच्या हाती पडू देऊ नका. त्यांच्यातल्या एखाद्यानं २००७चा कायदा आणि ९३वं कलम वाचलं, तर तो उद्या परिवहन कार्यालयात अर्ज घेऊन उभा राहील आणि विचारेल, या शेठचा नोंदणी क्रमांक काय?