सप्रेम भेट, मूल्य दहा डॉलर

चीनमधल्या शेन्झेन शहरात माझा एक जिवलग राहतो. त्याचं नाव मला ठाऊक नाही, तोंडही कधी पाहिलेलं नाही. तरी तो वर्षातून चार-पाच वेळा न चुकता मला भेटी पाठवतो. कधी अँप्लिफायरचे व्हॉल्व, कधी कंडेन्सर, कधी रेकॉर्ड प्लेअरची सुई. प्रत्येक भेटीआधी मी त्याला तिची पूर्ण किंमत टपालखर्चासह पाठवतो, एवढीच काय ती आमच्या नात्यातली औपचारिकता.

पार्सलवर एक छोटी चिकटी असते. टपाल खात्याच्या जगभरच्या भाषेत तिला सीएन 22 म्हणतात. भेट, कागदपत्रं, व्यापारी नमुना, इतर असे चौकोन, त्याखाली आत काय आहे, वजन किती, किंमत किती, आणि तळाशी पाठवणाऱ्याची सही. माझा मित्र ‘भेट’वर खूण करतो आणि किंमत लिहितो दहा डॉलर. गेल्या खेपेला ‘आत काय’ या रकान्यात त्याने ‘खेळण्याचे भाग’ असं लिहिलं होतं. हिने चिकटी वाचली आणि म्हणाली, “यातला एवढाच शब्द खरा आहे.”

मी मुळात कायद्याने वागणारा माणूस. रंगाऱ्याकडून पक्कं बिल घेतलंच पाहिजे, म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी दीड तास भांडलेलो आहे. देश करचुकव्यांनी पोखरलाय, हे वाक्य मी सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना आठवड्यातून दोनदा तरी ऐकवतो. पण ते कर म्हणजे दुसऱ्यांचे. माझा एक चिमुकला व्हॉल्व येतो, त्यात पोखरण्यासारखं काय आहे?

आणि सरकारचं गणितही तसं सरळ नव्हतं. 2020 च्या अर्थसंकल्पानंतर टपालाने मागवलेल्या वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर मूळ कस्टम ड्यूटी होती 35 टक्के. त्या ड्यूटीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे झाले साडेअडतीस. आता मूळ किंमत, ड्यूटी आणि अधिभार या सगळ्यांच्या बेरजेवर 28 टक्के आयजीएसटी. शंभराच्या वस्तूला एकूण 77 रुपये 28 पैसे. आमच्या शाळेत चक्रवाढ व्याज शिकवताना सावकाराचं उदाहरण देत. त्या सावकाराबद्दल उगाच मन कलुषित झालं, असं हल्ली वाटतं. शिवाय ‘किंमत’ म्हणजे नुसती वस्तूची नव्हे, टपालखर्चही तीत धरायचा. पोस्टाचं तिकीट आपण आयात केलं, असा त्याचा अर्थ असावा.

पण भेटीचा मार्ग हे दर येण्याआधीच निघाला होता, आणि तो आमच्यासारख्या हजारोंना एकाच वेळी सुचला. भारतात एकाएकी इतकं आंतरराष्ट्रीय प्रेम उतू जाऊ लागलेलं पाहून सरकारला संशय आला. 12 डिसेंबर 2019 ला परदेशी व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली: टपालाने किंवा कुरियरने येणारी वस्तू ‘भेट’ म्हणून सोडवून घेता येणार नाही. अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. कंसात खुलासा असा की, राखीसोबतच्या भेटी यात धरू नयेत. पाठोपाठ हेही सांगण्यात आलं की, पूर्ण ड्यूटी भरणाऱ्यांनी भेटी खुशाल मागवाव्यात. लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’ असं छापतात ना, त्यातलाच प्रकार. आपली ड्यूटी हाच आमचा आहेर.

आमच्या व्हॉल्ववेड्यांच्या कंपूत एक निवृत्त इंजिनिअर आहेत. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून निम्मी हयात गेलेली. अधिसूचना वाचून ते तडक माझ्याकडे आले आणि टेबलावर एक जुना कंडेन्सर ठेवला. मधे गोंडस पिवळा गोळा, दोन्ही बाजूंना लांब तारा. “ही काय आहे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कंडेन्सर. “नीट बघा,” म्हणत त्यांनी तो मनगटावर धरला आणि तारांना पीळ दिला. खरंच सांगतो, लग्न झालेल्या बहिणीची आठवण झाली. शेन्झेनच्या मित्राला एका रात्रीत बहीण करावं, असा त्यांचा प्रस्ताव होता. पण ड्यूटी 100 रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर ती घेतच नाहीत, आणि राखी सुटते ती या कलमामुळे. 2020 च्या दरांनी हिशेब मांडला तर टपालखर्चासकट 129 रुपयांपर्यंतच्या मालावर बहीणभाऊ होता येत होतं. एवढ्याशा रकमेसाठी नातं जोडणं आम्हाला प्रशस्त वाटलं नाही.

मग तुकड्यातुकड्याने मागवण्याची युक्ती निघाली. मला हवे असलेले पॉवर व्हॉल्व चारच्या संचात मिळतात, मोजून-जुळवून दिलेले, एकाच पत्रिकेचे. मी चार वेगवेगळी पार्सलं करायला सांगितली. तीन आली. चौथ्याचा पत्ता आजतागायत नाही. जगात तीनांचा जुळलेला संच फक्त माझ्याकडे आहे.

पुतण्या न्यू जर्सीत असतो. तो दिवाळीला आला तेव्हा त्याच्या बॅगेत सहा किलोचा ट्रान्सफॉर्मर घालायला लावला. गोल चकतीवर तांब्याची तार गुंडाळलेला, एक्स-रेच्या पडद्यावर नक्की कसा दिसतो ते पुतण्याला चाळीस मिनिटं समजावून घेता आलं. 2016 च्या बॅगेज नियमांत 50 हजारांपर्यंतचं सामान मोफत होतं, त्यामुळे पैसे लागले नाहीत. पण त्या सहा किलोंपायी त्याच्या आईने मागवलेल्या वस्तू तिकडेच राहिल्या, आणि वहिनी अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. या अधिभाराचा दर कुठल्याच राजपत्रात सापडत नाही.

खरी अद्दल घडली ती एका फुटक्या व्हॉल्वने. व्हॉल्वच्या काचेवर आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. काचेला तडा जाऊन हवा आत शिरली की तो डाग दुधासारखा पांढरा पडतो. खोकं उघडलं तर पांढरा. साडेपाच हजारांचा ऐवज. मी शेन्झेनला चिडून लिहिलं, भरपाई द्या. मित्राने अत्यंत नम्रपणे चिकटीचा फोटो पाठवला: मूल्य दहा डॉलर, आणि तेही भेट. भेटीची भरपाई कोण मागतं? हे मीच लिहायला लावलं होतं, त्यामुळे पुढचा पत्रव्यवहार खुंटला. चिकटीवर खोटी किंमत लिहिली तर 1962 च्या कस्टम कायद्याने माल जप्त होऊ शकतो, दंडही होतो. माझ्या बाबतीत सरकारला तोही त्रास घ्यावा लागला नाही.

त्या दिवशी मी सुधारलो. 2021 मध्ये इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून ईएल 84 व्हॉल्वची जोडी मागवली आणि त्याला बजावलं, खरी किंमत लिही, ‘विक्री’ लिही. टपालासकट 4 हजार. पोस्टमनने दारात 3 हजार 91 रुपये घेतले. पावती मी फ्रेम करून लावावी असं हिचं मत पडलं. देवासमोर दिवा लावल्यावर माणूस जसा दिसतो, तसा मी खोकं उघडताना दिसत होतो म्हणे.

आत जुन्या, कडा झिजलेल्या पुठ्ठ्याच्या दोन डब्या. त्यावर तीन इंग्रजी अक्षरं: बीईएल. खाली, मेड इन इंडिया. भारत इलेक्ट्रॉनिक्स, बंगळूर. या सरकारी कंपनीने 1961 पासून रेडिओचे व्हॉल्व बनवले, घराघरांतले रेडिओ त्यावर गायले, आणि मग ट्रान्झिस्टर आल्यावर आपण ते भंगारात घातले. ही जोडी इंग्लंडला कशी पोहोचली देव जाणे. भारतातून गेलेला माल परत आला तर त्यालाही परदेशी मालासारखीच ड्यूटी, असं कस्टम कायद्याचं विसावं कलम स्वच्छ सांगतं. म्हणजे वाद घालायलाही जागा नाही. सरकारने बनवलेला व्हॉल्व मी सरकारला 3 हजार 91 रुपये देऊन मायदेशी आणला.

तरी वाचकांना विनंती. कुणाच्या माळ्यावर आजोबांचा जुना मर्फी किंवा दुसरा कुठला व्हॉल्वचा रेडिओ धूळ खात पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी मागचा पुठ्ठा काढून आत बीईएल लिहिलेलं दिसतं का बघा. दिसलं तर मला कळवा. योग्य किंमत देईन, टपालखर्चही माझा. पार्सलवर काहीही लिहा, साताऱ्याहून पुण्याला कस्टम नाही.