खर्जभक्त

ग्रूव्हबॉक्सवाल्या माणसाला ओळखायचं असेल तर त्याच्यासमोर लॅपटॉपचं नाव काढावं. "लॅपटॉपवर काय, कोणीही करतं," असं म्हणत तो टेबलावरच्या यंत्रावरून मायेनं हात फिरवतो. ड्रम, बेस, सिंथ, सिक्वेन्सर, सगळं त्या एका डब्यात. रोलंडनं १९९६ साली एमसी-३०३ काढला तेव्हापासून 'ग्रूव्हबॉक्स' हे नाव चालत आलंय, हेही तो सांगतो. विचारावं लागत नाही. दिवसभर हिंजवडीत कोड लिहायचा, रात्री जेवण झालं की दार लोटून 'ट्रॅक' करायला बसायचं. ट्रॅकला 'गाणं' म्हटलेलं त्याला चालत नाही. आठ बारचं आवर्तन तो आठवडाभर फिरवतो. नववा बार आजवर कोणी ऐकलेला नाही.

बाकी कशात कसर चालेल, पण बेस हवा, ही त्याची श्रद्धा. त्यामुळे किक ८०८ या ड्रम मशीनचीच. ते यंत्र रोलंडनं १९८० ते १९८३ एवढंच बनवलं. त्याची पन्नास हर्ट्झच्या आसपास घुमणारी किक मात्र अजून निवृत्त व्हायला तयार नाही. याच्या पॅटर्नमध्ये तिचा डिके पूर्ण उजवीकडे असतो. किकची शेपूट संपायच्या आत बेसचा सूर येतो, त्यावर पॅडचे खालचे सूर, त्यावर टॉम, आणि या सगळ्यांवर मिळून रिव्हर्ब. शंभर ते तीनशे हर्ट्झ हा पट्टा म्हणजे विरार लोकलचा बाक: तिघांची जागा, चौथा टेकलेला, पाचवा 'थोडं सरका' म्हणतोय. मग आवाज गढूळ होतो. "मडी होतंय रे," तो स्वतःच म्हणतो. निदान अचूक असतं.

उपचार बघा. किक नीट कळत नाही म्हणून तो किक वाढवतो. मग बेस दबतो, म्हणून बेस वाढवतो. खालच्या सुरांनी सगळी मोकळी जागा खाल्ल्यावर मास्टरवरचा कंप्रेसर दर ठोक्याला अख्खा ट्रॅक दाबून धरतो. हाय-हॅटसुद्धा किकची परवानगी घेऊन वाजते. यावर त्याचा इलाज म्हणजे मास्टर व्हॉल्यूम. कुठलाही नॉब डावीकडेही फिरतो, ही माहिती मॅन्युअलमध्ये आहे. मॅन्युअल तो वाचत नाही.

पण सगळा दोष एकट्या त्याचा नाही, बिल्डरचाही आहे. खोली दहा बाय दहा, उंचीही जवळपास तेवढीच. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो. तो भिंतीपाशी सर्वांत जोरात आणि मधोमध जवळजवळ नाहीसा. तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे तिन्ही दिशांनी हाच घोळ. आणि हा गृहस्थ खुर्ची टाकतो ती बरोब्बर खोलीच्या मध्यावर, 'स्टिरिओ नीट यावा' म्हणून. त्याला बेस कमी ऐकू येतो, तो आणखी चढवतो. ज्याच्यासाठी हा खटाटोप चाललाय त्या सुराचा लाभ घरात त्याला सोडून सगळ्यांना होतो. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातल्या मांडणीवर स्टीलच्या डब्यांची झाकणं बारीक थरथरू लागतात आणि आई आतून विचारते, "अरे, टाकीची मोटर चालू राहिलीये का बघ जरा." "आई, ती बेसलाइन आहे!" "मग ती बंद कर."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये तो हाच ट्रॅक मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवतो. त्या चिमुकल्या स्पीकरला खालचं काही झेपत नाही. किक गायब, बेस गायब, उरतं ते तीनशे हर्ट्झच्या आसपासचं गुरगुरणं. "फोनवर कळत नाही, सिस्टीमवर ऐकायला पाहिजे," तो म्हणतो. ती सिस्टीम कोणाकडे असते, ते गूढच आहे.

एकदा त्याच्या बँडवाल्या मित्रानं यंत्राचा ताबा घेतला. पॅडला दीडशे हर्ट्झवर हाय-पास लावला, टॉम म्यूट केला, किक रिव्हर्बमधून बाहेर काढली आणि तिचा डिके निम्म्यावर आणला. बेस दर ठोक्याला किंचित मागे सरेल अशी साइडचेन लावली. काहीही न वाढवता पाच मिनिटांत किक वेगळी, बेस वेगळा, आणि पॅडमध्ये तीन सुरांचा कॉर्ड होता हे प्रथमच कळलं. आमचे खर्जभक्त डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, आता नववा बार येणार.

"भारी," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण वजन गेलं रे." मित्र लिफ्टपर्यंत पोचायच्या आत डिके पूर्ववत झाला होता.

या जमातीला कान नसतो असं मुळीच नाही. गढूळ काय आणि स्वच्छ काय, त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. फक्त स्वतः बसवलेल्या कुठल्याही आवाजाला 'तू नको' म्हणणं त्यांच्याच्यानं होत नाही. तेव्हा तुमच्या घरी असा कोणी असेल तर त्याची खुर्ची मधून हलवा, त्याला एखादा बरा हेडफोन घेऊन द्या, आणि वाढदिवसाला तो काहीही मागो, सबवूफर देऊ नका.